हॅमर शॉपच्या नाटकाची चर्चा

"नाटक बघायला शिकवावं लागतं?" मला बघायला आलेल्या एका मुलाच्या काकांनी हा प्रश्न केला होता. मी म्हणाले, "हो." मी पुढं काहीतरी सांगेन म्हणून ते पोह्यांची बशी हातात धरून थांबले. ते लग्न जमलं नाही. पण काकांचा प्रश्न रास्त होता, आणि आता ते शिकवायचं काम सुटल्यावर त्याचं उत्तर द्यायला हरकत नाही.

पिंपरीत कामगारांच्या कुटुंबांसाठी चालवलेल्या एका केंद्रात मी काही वर्षं नाट्यास्वादाचा वर्ग घेत होते. एका बाजूला शिवणाचा वर्ग, दुसऱ्या बाजूला टायपिंगचा, आणि मधल्या खोलीत माझा. शिवण शिकलं तर झंपर शिवता येतो, टायपिंग शिकलं तर नोकरी लागते. माझ्या वर्गातून काय मिळतं ते दारावरच्या पाटीवरही नीट लिहिलेलं नव्हतं. तरी माणसं येत. काही फुकट नाटकं बघायला मिळतात म्हणून, काही पंखा आहे म्हणून.

माझे वडील देहूरोडला लष्कराच्या डेपोत कारकून. त्यांनी हट्टानं मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. शाळेच्या नाताळच्या नाटकात मी दरवर्षी देवदूत असे, मागच्या रांगेतली, एकही संवाद नसलेली. तिथून नाटक चांगलं दिसायचं. कोण ओळी विसरलंय, कोण रडं आवरतंय, कुणाचे पंख निसटताहेत. पुढं पुण्यात नाट्यशिक्षणाचा एक कोर्स केला. मला अभिनय येत नाही हे पहिल्या महिन्यात सगळ्यांना कळलं आणि मला नुसतं बघून टिपणं लिहायला बसवण्यात आलं. पिंपरीची नोकरी मिळाली ती मात्र गुणांवर नव्हे. पुण्याहून रोज इतक्या लांब यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पहिल्या नाटकानंतरच्या वर्गात मी विचारलं, "काल पाहिलेलं नाटक कसं वाटलं?"

"चांगलं होतं," सगळे म्हणाले.

"काय चांगलं होतं?"

पुढच्या बाकावर लेथवर काम करणारे शिंदे नावाचे टर्नर बसायचे. चिखलीकडच्या जुन्या घरातले. ते म्हणाले, "समदंच चांगलं व्हतं की, बाई. आता त्यात निवडायचं काय?"

मग मी एक शिस्त घातली, आणि पुढं सारा वर्ग तिच्यावरच चालला. पहिल्या फेरीत फक्त दिसलं काय आणि ऐकू आलं काय, तेवढंच सांगायचं. कोण कुठे उभं होतं, कुणी कुणाकडे पाठ केली, दिवा कधी मंद झाला. 'छान', 'वाईट', 'आवडलं' हे शब्द बंद. दुसऱ्या फेरीत, ते तसं का असेल? आणि तिसऱ्या फेरीत, आता सांगा, नाटक कसं होतं. तिसऱ्या फेरीपर्यंत आम्ही क्वचितच पोचायचो, कारण पहिल्या फेरीतच भांडणं लागायची. शिंदे एकदा तासभर दारावर बोलले. पहिल्या अंकात दार बाहेर उघडत होतं आणि दुसऱ्या अंकात आत, तर मधल्या वेळात बिजागऱ्या कुणी बदलल्या? काळेवाडीच्या लोंढेबाई लातूरकडच्या. त्यांनी एका गाजलेल्या नटाला चहावरून निकालात काढलं होतं. "कपाला वाफ नाही, त्यानं फुंकर मारली नाही, आन् गटागटा पिला. रिकामा कप पितोय आन् म्हणतोय, माझी बायको मेली. मला काय खरं वाटंना."

पण याच लोंढेबाई वर्षभरानं मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "बाई, तुमच्यापायी एक वाटोळं झालं बघा. मला आता नाटकात रडूच येईना. सगळं दिसायलंय. पहिलं कसं पदर ओला व्हायचा." त्या हसत होत्या. मी त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये त्याचाच विचार करत होते.

त्या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांमध्ये तेव्हा दर हिवाळ्यात खात्याखात्यांची नाटकं व्हायची. मशिन शॉपचं एक, फाउंड्रीचं एक, असं. कँटीनची टेबलं हलवून तिथेच स्टेज बांधत. बायकांच्या कामांसाठी पुण्याहून नटी आणत, कारण कामगारांच्या घरातल्या बायका स्टेजवर जात नसत. ती शेवटच्या दोन-तीन तालमींना येई आणि प्रयोग करून परत जाई. आमच्या केंद्राच्या संचालकांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. एका कंपनीशी बोलून त्यांनी ठरवलं, की नाटकं संपली की पुढच्या रविवारी सकाळी खुली चर्चा ठेवायची. माझ्या वर्गानं बोलायचं, नटांनी आणि प्रेक्षकांनी ऐकायचं. आणि अध्यक्षस्थानी कंपनीचे डॉक्टर. डॉक्टर नाटकवेडे होते. कोणताही प्रयोग ते पहिल्या रांगेत बसून बघायचे आणि त्यांना खरंच कळायचं.

हे ठरल्यावर दोन दिवसांनी सुजाता गायकवाड वर्ग संपल्यावर मागं थांबली.

सुजाता दापोडीची. मॅट्रिक होऊन एका लहान कारखान्यात पॅकिंगला लागली होती. वर्गात कमी बोलायची, पण बोलली की नेमकं. तिचे वडील त्याच कंपनीत हॅमर शॉपला होते, तापलेलं लोखंड मोठ्या यांत्रिक हातोड्याखाली धरायचं काम. तरुणपणी ते जलशात गायचे, पुढं खात्याच्या नाटकात कामं करू लागले. हॅमर शॉपचं नाटक म्हणजे गायकवाड, असं समीकरणच होतं.

"बाई, चर्चेत आबांचं नाटक घेऊ नका," ती म्हणाली.

"का?"

तिनं शिवणाच्या वर्गाचं दार लोटलंय का ते पाहिलं. "त्यांना ऐकू येत नाही."

"कमी येतं?"

"येतच नाही. तीन वर्षं झाली. आधी एक कान गेला, मग दुसरा."

माझा विश्वास बसेना. त्या खात्यात इतकी वर्षं कुणाला कळलं नाही? ती म्हणाली, हॅमर शॉपमध्ये बहिरा माणूस ओळखू येत नाही. हातोड्याच्या दणक्यात तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. पण त्या वर्षी दुसऱ्या खात्यात एकाला क्रेनची घंटा ऐकू आली नव्हती आणि तो जायबंदी झाला होता. तेव्हापासून ज्याच्या कानांबद्दल शंका येईल त्याला डॉक्टर बोलावून तपासत, आणि अनफिट ठरला की माणूस घरी. गायकवाडांच्या नोकरीची थोडी वर्षं उरली होती. सुजाताचे दोन भाऊ शाळेत होते.

"आणि ती क्रेन?" मी विचारलं.

"आबांच्या हातोड्यावर क्रेन येत नाही, बाई. तरी हेल्परला माहीत आहे. तो पाठीवर थाप मारतो."

"मग नाटक कशाला करतात?"

"आईनं सांगून पाहिलं. तर दोन दिवस जेवले नाहीत." तिनं पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. "त्यांना वाचता येत नाही. संवाद मीच पाठ करून घेते, पहिल्यापासून. आता मी नुसते ओठ हलवते, ते बघून म्हणतात. माझं बोलणं त्यांना सगळं कळतं. आईचं निम्मं कळतं. बाहेरच्यांचं काहीच नाही. स्टेजवर समोरच्याचं वाक्य त्यांना पाठ असतं, म्हणून जमतं."

मी संचालकांकडे गेले आणि म्हणाले, नाटकं जास्त आहेत, हॅमर शॉपचं गाळू या. ते म्हणाले, "अहो, डॉक्टरांनी तेच पहिलं घ्यायला सांगितलंय!"

नाटक होतं तुरुंगातून सुटून आलेल्या मुलाचं. बाप त्याला घरात घेतो की नाही, एवढीच गोष्ट. बाप गायकवाड, सून पुण्याहून आणलेली नटी. मी त्या वर्षांत पुण्या-मुंबईची बरीच नाटकं पाहिली, पण समोरच्याचं बोलणं असं घेणारा नट मी पाहिला नाही. मुलगा बोलत असताना त्यांचा सगळा जीव डोळ्यांत यायचा. मान किंचित पुढे, हात स्थिर, आणि नजर मुलाच्या ओठांवर. मुलाचं वाक्य संपलं की ते लगेच बोलत नसत. ते वाक्य त्यांच्या चेहऱ्यावरून सावकाश खाली उतरताना दिसायचं. मला कारण माहीत होतं, तरी मी माझीच पहिली फेरी विसरले. शेजारी लोंढेबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

रविवारी कँटीनचा हॉल भरला. डॉक्टर पुढे खुर्चीवर, त्यांच्या मागं साहेब लोक, आणि त्यांच्या मागच्या रांगेत हॅमर शॉपची माणसं, मध्यभागी गायकवाड. माझा वर्ग स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून.

डॉक्टरच पहिल्यांदा बोलले. "मला एक विचारायचंय. समोरचा बोलायला लागला की गायकवाड त्याच्या तोंडाकडे बघायचे. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. हे मी कुठल्या नटात पाहिलेलं नाही. काय आहे हे?"

याच प्रश्नासाठी मी वर्गाला इतके दिवस तयार केलं होतं. हात भराभर वर झाले.

लोंढेबाई म्हणाल्या, "मला दिसलंय ते. पोरगं बोलायलंय तवर म्हातारा त्याच्या ओठावरली नजर काढीना. पोरगं खरं बोलायलंय का खोटं, ते बघायलाय तो. बापाला डोळ्यात बघून काय कळतंय? डोळे कुणाचेबी पाणावतेत."

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी मान डोलावली.

शिंदे उठले. "आन् दुसरं. मधी विंगेत दिव्याचा स्टँड पडला, धाडदिशी. ती नटी दचाकली, पोरगं दचाकलं, आमी खाली बसल्यालं दचाकलो. गायकवाड न्हाई."

"जरासुद्धा नाही?" डॉक्टर पुढे झुकले.

"जरा बी न्हाई. पापनी हालली न्हाई. म्हंजी बाप इतका आत गेल्याला हाय."

मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आणि सून त्यांच्या पाठीमागून बोलायची तेव्हा आधी त्यांच्या दंडाला हात लावायची. दर वेळी."

कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. ज्याला जे दिसलं ते तो प्रामाणिकपणे सांगत होता. मी उठून म्हणाले, "वेळ होतेय, आपण मशिन शॉपच्या नाटकाकडे जाऊ या."

"थांबा हो, बाई, आत्ता कुठं रंगत येतेय," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली होती. "म्हणजे पाठीमागून आवाज आला, तर..."

तेवढ्यात सुजाता उभी राहिली.

"मी त्यांची मुलगी आहे," ती म्हणाली. "मी घरचं सांगते. यात अर्थबिर्थ काही नाही. आबांना संवाद पाठ होत नाहीत."

हॉलमध्ये थोडं हसू पसरलं.

"समोरचा काय बोलतोय याकडे त्यांचं लक्षच नसतं. आपली पाळी कधी येते एवढीच काळजी. म्हणून तोंडाकडे बघत बसतात. तोंड मिटलं की आपण सुरू करायचं. सून दंडाला हात लावत होती ती काय मायेनं नाही, आठवण करून द्यायला. आणि स्टँड पडला तेव्हा ते पुढचं वाक्य शोधत होते. छप्पर पडलं असतं तरी हलले नसते." आता हशा मोठा झाला होता. त्यावर तिनं आवाज चढवला. "दरवर्षी हेच. आम्ही घरात सांगून थकलो, आबा, तुम्हाला जमत नाही, लोक तोंडावर बोलत नाहीत एवढंच. पण त्यांना स्टेजचा सोस. हे काही अभिनय वगैरे नाही."

ती खाली बसली. माझ्या वर्गातली ती सगळ्यात चोख मांडणी होती. कुणाचंही निरीक्षण तिनं नाकारलं नाही. सगळी घेतली, आणि प्रत्येकाला दुसरा अर्थ लावला. डॉक्टरांच्या कपाळावरची आठी गेली. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. "अरेरे! आणि आम्ही उगाच थोर ठरवत होतो!"

"गायकवाड, घ्या राव घरचा आहेर!" हॅमर शॉपमधलं कुणीतरी ओरडलं.

ती डॉक्टरांकडे तोंड करून बोलत होती, आणि गायकवाड डॉक्टरांच्या पाठीमागेच बसले होते. तोंड फिरवायला तिला जागाच नव्हती. सकाळपासून तिथं एवढी माणसं त्यांच्याबद्दल बोलली. एका बाईनं त्यांच्यातला बाप ओळखला, एका टर्नरनं त्यांची समाधी सांगितली, लोकांनी टाळ्या दिल्या. त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांना कळलं ते फक्त मुलीचं बोलणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

गायकवाड उठले. मला वाटलं, निघून जातील. पण त्यांनी चारी बाजूंना हात जोडले, जीभ चावली, कान पकडले आणि जलशातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "चुकलं, सायेब! पुढल्या वर्षी पाठ करतो!" हॉल पुन्हा हसला. ते खाली बसले. चर्चा मशिन शॉपच्या नाटकाकडे गेली आणि शिंद्यांनी पुन्हा दाराचा विषय काढला.

डॉक्टरांनी गायकवाडांना कधी बोलावलं नाही. नोकरी टिकली.

सुजाता मात्र वर्गाला यायची थांबली. पुढच्या हिवाळ्यात हॅमर शॉपची माणसं गायकवाडांना बोलवायला गेली, तर त्यांनी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. खात्यानं दुसरं नाटक बसवलं, ते पडलं. एका संध्याकाळी मी दापोडीला उतरले आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. लोकांच्या घरी जायची मला सवय नाही. दाराशी पोचल्यावर परत फिरावंसं वाटलं, पण सुजातानं पाहिलं होतं.

घर रुळांच्या जवळ होतं. गाडी गेली की फळीवरची भांडी थरथरायची. गायकवाड पाय पसरून भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून लगबगीनं सावरून बसले. "या, बाई, या! पोरी, चहा टाक." आवाज खोलीच्या मानानं फार मोठा होता.

मी सुजाताला म्हणाले, "त्यांना विचार, नाटक का सोडलं."

तिनं विचारलं नाही. त्यांनीच ओळखलं असावं. "पोरीनं समदं सांगितलंय मला, बाई," ते म्हणाले. "त्याच दिवशी. पायाव डोकं ठिवून रडली. म्या म्हनलं, येडी का काय? डॉक्टर फुडं बसल्याला, तू दुसरं काय करनार व्हतीस? घर वाचवलंस. मी काय रागावलो न्हाई तिच्याव."

सुजाता स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

"पर एक विचारायचं व्हतं," ते म्हणाले. "तुमी शिकल्याल्या. कुनाला विचारू म्हनून ऱ्हायलं. ती बोलली ते डॉक्टरसाठी बोलली, खरं हाय. पर इतकं भराभरा सुचलं तिला, बाई. जमत न्हाई, सोस हाय, लोक तोंडाव बोलत न्हाईत. हे काय आयत्या वक्ताला सुचतंय व्हय? कवातरी मनात आलं आसंल, तवाच ना?" ते माझ्याकडे बघत होते. "मी काम कसं करतो, बाई? खरं सांगा."

मी सांगितलं. मला मान वर करून बोलता येत नाही, पण त्या दिवशी मी मान वर केली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाले, की त्यातलं काहीच खरं नव्हतं, मी पाहिलेल्या नटांमध्ये तुमच्याइतकं चांगलं काम करणारे फार थोडे आहेत.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. कपाळाला आठ्या घालून, जीव एकवटून, स्टेजवर बघायचे तसे. मग ओशाळून हसले. मी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यांनी मान हलवली आणि मुलीला हाक मारली.

सुजाता पुढं येऊन त्यांच्यासमोर बसली. मी काय म्हणाले ते तिनं ऐकलं होतं. डोळे पुसून, ओठ नीट हलवत तिनं सांगितलं, "बाई म्हणतात, त्यातलं काहीच खरं नव्हतं. म्हणतात, तुम्ही फार चांगलं काम करता. तुमच्याइतकं चांगलं काम त्यांनी फार थोड्यांचं पाहिलंय."

ते शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू आसंच सांगनार, माझे आई," ते म्हणाले. "बाई काय म्हनल्या, ते सांग."